हरिहरचा जिना वन-वे करा, गड बंद करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर पावसाळ्यात त्र्यंबक तालुक्यातल्या हरिहर गडाबद्दल दोनच गोष्टी वाचायला मिळतात, एक म्हणजे त्याच्या कातळात कोरलेल्या जिन्यावर मुंगी शिरायला जागा नाही असे फोटो आणि दुसरी म्हणजे त्यानंतर थोड्याच दिवसात गड पर्यटकांना बंद. मधलं काही नाहीच. मी रविवारी नवरा आणि मित्रमंडळींसकट त्या जिन्यावर अडकून आलेय म्हणून मधलं काय करता येईल ते लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचं झालं तर खाण्यापिण्याचं कापा, जिन्याचं राहू द्या.

आम्ही सिडकोतली चार जोडपी. नवरे मंडळी आधी अंबडला एकाच कंपनीत होती, आता एक भाऊजी बँकेत आहेत, एकांचं मेडिकल स्टोअर आहे, एक शाळेत मास्तर, आणि आमचे हे अजून कंपनीतच. वयं सगळ्यांची चाळिशीच्या पुढची. ट्रेकर वगैरे कोणी नाही, पण अगदी सोफ्यावरचेही नाही, पांडवलेणी सकाळी चढतो, चामरलेणी, रामशेज झालेलं आहे, वणीला रोपवे झाला तरी आम्ही पायऱ्यांनीच जातो. ग्रुपवर कोणीतरी हरिहरचा रील टाकला आणि बँकवाले भाऊजी म्हणाले की नाशिकमधे राहून हरिहर नाही केला म्हणजे काय, मुंबई पुण्याची पोरं येऊन जातात. झालं, ठरलं.

पहाटे पाचला दोन गाड्या काढल्या. मिसळ खाऊन जायचं असा ह्यांचा हट्ट होता पण त्या वेळेला कुठली मिसळ, त्र्यंबकला चहा घेतला आणि पुढे निघालो. त्र्यंबक सोडलं की रस्ता एकदम बदलतो, दोन्ही बाजूला भाताची खाचरं, डोक्यावर इरलं घेतलेल्या बायका आवणी करतायत, आणि धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसायचे. मेडिकलवाल्या वहिनी म्हणाल्या इथूनच परत गेलो तरी चालेल, पैसे वसूल. (मला पण तसंच वाटलं होतं पण बोलले नाही.)

गडाखालच्या निरगुडपाड्याला पोचलो तर आमच्या आधीच गाड्यांची रांग. टेम्पो ट्रॅव्हलर, दोन मोठ्या बस, बाईकी तर मोजायची सोय नाही. गावातल्या लोकांनी आपापल्या पडीक तुकड्यात पार्किंग केलंय, पैसे घेतात आणि गाडी लावून देतात, चिखलात रुतली तर ढकलायलाही येतात. याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

गावातून वर निघालं की आधी झाडीतून वाट, मग कातळाचे टप्पे, मग उघड्या धारेवर येतो. दुसऱ्या बाजूने हर्षेवाडीवरून येणारी वाट थोडी सोपी म्हणतात, पण दोन्ही वाटा शेवटी जिन्याच्या पायथ्यालाच येऊन मिळतात. म्हणजे कुठूनही या, वर जायला तोच एक जिना आणि खाली यायलाही तोच. हे जरा लक्षात ठेवा कारण सगळी गंमत इथेच आहे.

जिना कसा आहे ते ज्यांनी फक्त रीलमधे बघितलंय त्यांच्यासाठी सांगते. अख्ख्या उभ्या कातळात कोरलेल्या शंभरावर पायऱ्या, चढ जवळजवळ ऐंशी अंशाचा, म्हणजे शिडीच म्हणा. प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडेला हाताची बोटं अडकवायला खोबणी केलेल्या आहेत. मधोमध पायऱ्या झिजून खोलगट झाल्यात आणि पावसात त्यातून पाणी वाहतं, म्हणून पाय कडेला टाकावा लागतो आणि हात खोबणीत. चढणारा आणि उतरणारा दोघांनाही त्याच खोबणी लागतात. त्यातून उतरणाऱ्याला तोंड कातळाकडे करून उलटं उतरावं लागतं, त्याला खाली कोण आहे ते दिसत नाही. आता सांगा, वरून एक माणूस उलटा येतोय आणि खालून एक चढतोय, खोबण एकच, तर कोणी हात सोडायचा?

आम्ही जिन्याखाली पोचलो तेव्हा साधारण साडेनऊ झाले असतील. खाली दीड-दोनशे लोक तरी उभे. रांग म्हणावी अशी काही नाही, नुसता घोळका. एका ट्रेकवाल्यांच्या बॅचमधे पन्नासच्या आसपास पोरंपोरी होती, सगळ्यांना एकसारखे टीशर्ट, आणि त्यांचा लीडर म्हणजे विशीतला मुलगा, गळ्यात शिट्टी, तो ओरडत होता की आमची बॅच आधी जाणार, आमची बस दोनला सुटते. आमची म्हणजे कोणाची बस कधी सुटते हे त्या जिन्याला काय माहीत! मास्तर भाऊजींनी त्याला शाळेतल्या आवाजात विचारलं की बाळा वरून माणसं उतरतायत ती संपू दे ना, तर म्हणे काका साइडने घ्या. त्या जिन्याला साइड कुठली असते हो, डावीकडे दरी आणि उजवीकडे पण दरीच.

तरी चढलो. पुढे हे, मग मी, मागे बँकवाले भाऊजी आणि वहिनी, बाकीचे त्यांच्या मागे. साधारण अर्ध्यात गेलो आणि थांबलो. वर एक मुलगा रील काढायला थांबला होता, एका हाताने खोबण धरून दुसऱ्या हातात मोबाइल, खाली दरी दिसेल असा अँगल. त्याचं होईपर्यंत वरून उतरणारी वीस-पंचवीस माणसं दरवाजातून बाहेर आली आणि आमच्या डोक्यावर येऊन थांबली. खालून शिट्टीवाल्याची बॅच चढून आमच्या पायाशी. मग पाऊस सुरू झाला.

किती वेळ अडकलो ते घड्याळात बघायला हातच मोकळा नव्हता, पण हे म्हणतात अर्धा तास सहज. बोटं आखडली. माझ्या वर एक विशीतली मुलगी होती ती रडायला लागली, मला सोडा मला उतरायचंय म्हणून, आणि उतरणार कुठे, खाली आम्ही. तिला म्हटलं अगं खाली बघू नको, माझ्याकडे पण बघू नको, दगडाकडे बघ आणि तुझ्या आईच्या हातचं काय काय आवडतं ते सांग. ती रडत रडत पुरणपोळी म्हणाली, मग साबुदाणा खिचडी, मग कोंबडीचा रस्सा. तिच्या मागे पुढे असलेले लोक पण आपापलं सांगायला लागले, एक जण वरून ओरडला मांडे, खापरावरचे! म्हटलं हा नक्की खान्देशातला. एवढ्या टांगलेल्या अवस्थेत लोकं हसली. आमचे हे मात्र एक शब्द बोलत नव्हते. नंतर कळलं की उंचीची भीती त्यांना पण आहे, लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे मला हरिहरच्या जिन्यावर कळतंय.

ही गाठ सोडवली कोणी माहितीये? गावातल्या दोन पोरांनी. वर लिंबू सरबत विकायला बसतात त्यातलेच, एकाच्या पायात रबरी चप्पल. एक वर दरवाजाशी उभा राहिला आणि एक खाली. वरच्याने उतरणाऱ्यांना परत मागे आत घेतलं, कोणाला हात धरून कोणाला रागावून, खालच्याने चढणाऱ्यांना पायथ्याशी थांबवलं, आणि मधे अडकलेल्या आम्हाला सगळ्यांना आधी वर काढलं. मग म्हणाला आता फक्त उतरायचं, कोणी चढायचं नाही. शिट्टीवाला लीडर वाद घालायला लागला तर हा म्हणे दादा तुम्ही उद्या घरी असाल, आम्हाला इथेच राहायचंय, काय झालं तर खांद्यावर आम्हीच उतरवतो. बंद झाला वाद. पंधरा-वीस मिनिटात सगळं मोकळं.

संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की जे त्या पोरांनी स्वतःच्या अकलेने केलं तेच पावसाळ्यातल्या शनिवार रविवारी सकाळपासून का होऊ नये? अर्धा तास फक्त चढायचं, अर्धा तास फक्त उतरायचं. वर एक माणूस खाली एक माणूस, दोघांकडे शिट्टी आणि वॉकीटॉकी, कारण मोबाइलला रेंज येते जाते. याला ना पूल बांधायचाय ना लोखंडी रेलिंग ठोकायचंय (ते तर अजिबात नको, त्या कातळाला ड्रिल लावलं तर मी परत पत्र लिहीन).

आणि कोणी म्हणेल गर्दी अशी वेळा लावून आवरत नसते, तर आपण नाशिकचे लोक आहोत. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली ती अरुंद रस्त्यात गर्दी कोंडली तेव्हाच. 2015 ला यायचे रस्ते वेगळे जायचे वेगळे केले, घाट वाढवले, लोकांना चालावं लागलं त्याबद्दल शिव्याही घातल्या, पण पर्वणी पार पडली. आता 2027 च्या कुंभासाठी परत सगळी तयारी चालू आहे. लाखोंच्या गर्दीचं जमतं, मग एका जिन्याचं का नाही?

जिना ज्याने कोरला त्याने तर विचार करूनच कोरलाय. त्र्यंबकजवळून गोंडा घाट उतरणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला हा किल्ला, उंची साडेतीन हजार फुटाच्या वर, आणि शत्रू आला तर एका वेळी एकच माणूस वर यावा म्हणून असा जिना. 1636 मधे शहाजीराजांना त्र्यंबकगडाबरोबर हा पण मोगलांना द्यावा लागला, 1670 मधे मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला, आणि 1818 मधे इंग्रज आले तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज हा जिना बघून थक्क झाला होता. इंग्रजांनी आपल्याकडच्या कितीतरी गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, हा राहिला. म्हणजे मुळात गर्दी अडवायला केलेल्या जिन्यावर आपण दोन्ही बाजूने गर्दी सोडतो आणि मग म्हणतो गड धोकादायक आहे. जिना धोकादायक नाही हो, नीट एकामागे एक गेलं तर त्या खोबणी इतक्या अचूक जागी आहेत की हात आपोआप तिथेच पडतो.

वरचं थोडक्यात सांगते. दरवाजातून आत गेलं की कडा कोरून काढलेल्या वाटेने वाकून जायचं, मग परत पायऱ्या, त्या पण कमी नाहीत, मग माथा. मारुती, महादेव, तळं, आणि टोकाला ते घुमटाचं दगडी कोठार, त्यात पाऊस लागला म्हणून माणसं दाटीवाटीने बसलेली आणि खिडकीएवढ्या दारातून आतबाहेर चाललेली. दिसत काहीच नव्हतं, सगळं पांढरं. मग एकदम ढग फाटले आणि समोर भास्करगड, तिकडे ब्रह्मगिरी, खाली वैतरणाचं पाणी, सगळं एका मिनिटापुरतं. सगळे एकदम ओरडले आणि परत पडदा. मास्तरीण वहिनींनी तेवढ्यात हात जोडून घेतले, कोणाला ते त्यांनाच माहीत.

तळ्यापाशी डबे उघडले आणि माकडं आली. आमच्या पोळ्यांकडे बघितलं पण नाही त्यांनी, बँकवाल्या भाऊजींची सॅकच उचलली. आतमधे बिस्किटाचे पुडे, आणि गाडीची चावी! माकड जाऊन बसलं कड्याच्या पलीकडच्या झुडपाशी, चेन उघडता येत नाही म्हणून सॅक आपटतंय, आणि भाऊजी इकडून त्याला अहो अहो करतायत. अक्षरशः अहो म्हणत होते, बँकेत सवय लागली असणार. तिथेही परत गावातलाच एक पोरगा धावून आला, त्याने काकडीचे तुकडे दुसऱ्या बाजूला टाकले, माकडाने सॅक सोडली आणि ह्याने काठीने ओढून घेतली. चावी सापडली, एक पुडा मात्र गेला. पोराला पैसे देऊ केले तर म्हणे काकडीचे द्या फक्त.

उतरताना मेडिकलवाल्या भाऊजींच्या बुटाचा तळ सुटला. पाच-सहा वर्षं कपाटात ठेवलेले बूट भिजले की तळवे सोडतात हे सगळ्यांना माहीत असतं पण ट्रेकच्या दिवशीच आठवतं. दुसऱ्या बुटाची लेस काढून बांधला, तोही जिन्याच्या वर, आणि मागे लोक घाई करतायत. जिना मात्र आता शांतपणे उतरता आला कारण ती दोन पोरं अजून तिथेच होती. सरबत विकायचं सोडून! म्हणजे त्यांचा धंदा बुडाला तो वेगळाच.

खाली धारेवर आलो तर दुसऱ्याच कुठल्या ग्रुपमधल्या एकाचा पाय मुरगळून सुजला होता, टेकवता येत नव्हता. त्यांचा लीडर बॅच घेऊन पुढे निघून गेलेला, दोन मित्र तेवढे जवळ. मेडिकलवाल्या भाऊजींकडे क्रेप बँडेज होतं ते बांधलं, आणि गावातल्या चार जणांनी एक बांबू आणि घोंगडी आणून झोळी केली आणि त्या पावसात त्याला खाली नेलं. आमचे हे आणि मास्तर भाऊजी पण आलटून पालटून खांदा द्यायला लागले, पण खरं सांगायचं तर त्यांची लुडबुडच जास्त झाली, चिखलात ह्यांचा पाय घसरला की पेशंटच यांना सावरायचा. गावात आल्यावर खाजगी गाडीने त्र्यंबकला पाठवला. गडाच्या खाली स्ट्रेचर नाही, प्रथमोपचाराची पेटी नाही, जवळचा दवाखाना कुठे याचा बोर्ड नाही. बोर्ड आहे तो फक्त काय काय करू नये याचा.

मग एका घरी जेवलो. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वाफाळता भात. वाढणाऱ्या मावशींना सहज विचारलं की गड बंद करतात तेव्हा काय करता, तर म्हणाल्या काय करणार, आणलेलं पीठ डाळ घरीच खातो. आवणी झाली की पाऊस संपेपर्यंत गावात दुसरं काम नाही, पोरं मग घोटीला नाहीतर नाशिकला मजुरीला जातात. म्हणजे वरची गर्दी आवरू शकणारी, वाट पायाखालची असलेली पोरं गावात राहतात तीच मुळी गड चालू असला तर. गड बंद केला की ती जातात, आणि बंद असतानाही पोरंपोरी चोरून चढतातच, मग त्यांना बघायला तिथे कोणीच नसतं. हे कोणाच्या लक्षात येतं की नाही मला माहीत नाही.

म्हणून ज्यांच्या अखत्यारीत हे येतं त्यांना विनंती आहे की त्या पोरांनाच शनिवार रविवारचं रीतसर मानधन द्या. पैसे कुठून म्हणाल तर माणशी थोडी फी घ्या ना, सिनेमाला पॉपकॉर्नचे देतो त्याच्या निम्मे दिले तरी होईल, फक्त ते पैसे जिन्यावर उभ्या राहणाऱ्याच्या हातात पडू देत. बॅच आणणाऱ्यांना आधी नाव नोंदवायला लावा आणि वेळ द्या, सगळ्यांनी साडेनऊलाच कशाला यायचं, कोणी सातला या कोणी अकराला. पन्नास पोरांमागे एक विशीतला लीडर चालणार नाही हे पण लिहून घ्या त्यांच्याकडून. जिन्यावर थांबून शूटिंग केलं तर दंड, आणि दंड तिथल्या तिथे. खाली एक स्ट्रेचर आणि दवाखान्याच्या फोन नंबरचा बोर्ड. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी खुशाल बंद ठेवा, त्याला कोणाचाच विरोध नाही, मावशींचाही नव्हता.

ग्रुपवर चर्चा झाली तेव्हा बँकवाले भाऊजी म्हणाले की एवढ्या सगळ्यापेक्षा ऑनलाइन बुकिंग करा, कोटा ठेवा. मला ते तितकंसं पटत नाही, म्हणजे कोटा ठेवा पण नुसत्या कोट्याने काय होतं, तीनशे माणसं आली काय आणि हजार आली काय, ती एकाच वेळी वरून आणि खालून जिन्यात शिरली तर अडकणारच. अडकायला पन्नास पण पुरतात, आम्ही अडकलो तेव्हा जिन्यावर तेवढेच असू.

आता श्रावण तोंडावर आलाय. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला त्र्यंबकला केवढी गर्दी असते ते सांगायला नको, सगळा बंदोबस्त तिकडे लागतो, आणि त्याला लागून 15 ऑगस्टची सुट्टी आली की फेरीला न गेलेले सगळे हरिहरला. त्याच्या आधी हे पत्र छापून आलं तर बरं होईल.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक